आमचा सत्त्याहत्तर

सत्त्याहत्तर दिसायला काही खास नाही. अंगाने सडपातळ, पंख त्रिकोणी आणि इतके आखूड की एवढ्यावर हा उडायचा तरी कसा, असं पाहणाऱ्याला वाटतं. तोंडाच्या जागी मोठं भोक, त्यात मधोमध एक शंकू आणि वरच्या ओठातून पुढे निघालेली लांबलचक सुई. ही सुई म्हणजे हवेचा वेग मोजणारी नळी. आमच्या घरातल्या पोरांच्या मते मात्र ती मोडण्यासाठीच दिलेली आहे. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. आमचा प्लास्टिकचं मॉडेल, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, त्यामुळे त्याचे पुरते दहा सेंटिमीटरही भरत नाहीत. रत्नागिरीतल्या आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर फळी आहे, तिथे तो उभा असतो. गणपतीत मखराचं सामान काढताना नेमकी अडचण होईल अशीच ती जागा. "त्या तुझ्या मिगला जरा बाजूला घे, मला समई ठेवायचीय," असं आई दरवर्षी म्हणते आणि तो तेवढ्या दिवसांपुरता फ्रिजवर राहायला जातो.

पूर्ण नाव मिग-२१ एफएल. भारतीय हवाई दलाच्या कागदोपत्री टाइप ७७. ज्यांनी त्याच्या पोटाखाली घुसून हात तेलकट केले, ते नुसतं 'सेव्हन्टी सेव्हन' म्हणत. आमच्या घरी त्याचा सत्त्याहत्तर झाला.

जन्माने मात्र हा सत्त्याहत्तर नव्हे. मुंबईहून पार्सलने आला तेव्हा खोक्यावर मिग-२१ पीएफएम असं छापलेलं होतं, चित्रातल्या शेपटीवर सोव्हिएत लाल तारा होता, आणि आतल्या डेकलच्या कागदावर दोन-चार देशांच्या हवाई दलांची चिन्हं होती. केशरी-पांढरं-हिरवं चक्र त्यात नव्हतं. किट एका प्रकारच्या विमानाचा आणायचा आणि त्यातून दुसराच प्रकार उभा करायचा, हा प्लास्टिक मॉडेलच्या छंदातला जुना नाद आहे. त्यासाठी रेझिनचे तयार भाग परदेशात मिळतात. ते मागवले तर टपालखर्च आणि कस्टम धरून किटपेक्षा महाग पडतात, आणि ते लावून झाल्यावर आपण नेमकं काय केलं, असा प्रश्न उरतोच. तेव्हा ब्लेड, कानस, वॉटर पेपर आणि कंपासपेटीतलं करकटक यांच्यावर भागवायचं ठरलं.

मिग-२१चं खानदान अफाट मोठं. सगळे मिळून अकरा हजारांच्या आसपास बनले; स्वनातीत लढाऊ विमानांत एवढी प्रजा दुसऱ्या कुणाची नाही. यातली पिढी ओळखायची तर तोंड पाहू नये, पाठ पाहावी. पहिल्या पिढीची पाठ सरळ. पुढे इंधन आणि उपकरणं कोंबता कोंबता प्रत्येक पिढीच्या पाठीवर कुबड चढत गेलं, आणि शेवटच्या 'बिस'पर्यंत ते मानेपासून शेपटीपर्यंत पोचलं. दुसरी खूण पंखाखालची. एफएलला एका पंखाखाली एकच अडकवण, नंतरच्या 'एम'ला दोन. भारताने यातले बरेचसे पाहिले: टाइप ७४, ७६, ७७, मग ९६, मग ७५. आकडे चढत्या क्रमाने का नाहीत, ते विचारू नये. सरकारी नंबर आहेत. त्यानंतर बिसच्याच अंगात नवी उपकरणं भरून केलेला बायसन.

बिसचा किट आणून सत्त्याहत्तर करायला बसणं म्हणजे अख्खं कुबड तासणं. पीएफएम त्या मानाने जवळचा चुलतभाऊ. पाठ तीच, रुंद शेपूट तीच, शेपटीच्या बुडाशी असलेली पॅराशूटची नळकांडीही तीच. फरक थोडके आहेत, पण सगळे एकाच दिशेचे आहेत. पीएफएमची बसायची खुर्ची नव्या धर्तीची, सत्त्याहत्तरची जुनी. पीएफएमला पुढची काच पक्की आणि वरचं झाकण बाजूला उघडणारं. सत्त्याहत्तरला काच आणि झाकण मिळून एकच तुकडा, तोही आधीच्या पिढीतला. पीएफएमच्या फ्लॅपवर इंजिनातली दाबाची हवा फुंकायची सोय, त्यामुळे तो हळू उतरू शकायचा; सत्त्याहत्तरला ती सोय नाही. बंदूक तर दोघांच्याही अंगात नाहीच. सत्त्याहत्तर निर्यातीसाठी काढलेला माल होता, आणि घरच्यांसाठी ठेवायचं ते ठेवून बाहेर पाठवायचं ते पाठवलं होतं, इतकं सरळ गणित आहे. एरवी अशा रूपांतरात भर घालायची असते: एखादा घुमट, एखादी अँटेना, वाढीव टाकी. इथे उलटं आहे. पीएफएममधून जेवढं काढून टाकाल तेवढा तो आपला होत जातो. माझ्या मते सत्त्याहत्तरचा सगळा स्वभाव यात आला. कमी मिळालं, त्यावर कुरकुर न करता त्याने काम केलं, आणि त्या कमीची किंमत इतरांनी मोजली. त्या किमतीचं पुढे सांगतो.

गंमत अशी की खरा सत्त्याहत्तरही भारतात किट म्हणूनच आला. ऑगस्ट १९६२मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९६३मध्ये पहिले मिग चंडीगडला २८व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले, आणि १९६४मध्ये विमानाचा सांगाडा बांधायचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहू लागला. इंजिनं ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले. ओझरच्या कारखान्याचं श्रेय नाशिककर आजही त्यांना देतात. तिथे आधी रशियातून आलेले मोठाले तयार भाग जोडायचे, मग लहान सुटे भाग, आणि हात बसल्यावर कच्च्या मालापासून सगळं इथेच, अशी चढती इयत्ता होती. मी टीव्हीखालच्या टेबलावर स्प्रूवरून, म्हणजे किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, भाग तोडतो तेव्हा एवढा दिलासा असतो, की हे काम करणारा मी पहिला मराठी माणूस नव्हे.

आमच्या आळीत ओझरहून निवृत्त होऊन गावी परतलेले एक काका आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलं की मी मिग करतोय. ते आले, चष्मा कपाळावर चढवला आणि अर्धवट जोडलेलं प्लास्टिक डोळ्यांजवळ धरलं.

"हे झाकण कुठे उघडतं?"

"बाजूला. पीएफएम आहे ना, काका."

"मग आपला नाही हा. आपल्याची बिजागरी पुढे. मागून वर उचलायचं." तळहात टेबलावर टेकवून त्यांनी मनगट वर उचलून दाखवलं. "आणि पायलट बाहेर फेकला गेला की हे झाकण त्याच्याबरोबर जायचं. वाऱ्याचा मार तोंडावर बसू नये म्हणून. माहीत आहे का?"

माहीत होतं, पण पुस्तकातून. त्या जुन्या खुर्चीची रचनाच तशी होती: वैमानिक खुर्चीसकट उडाला की झाकण ढालीसारखं पुढे राहायचं आणि नंतर सुटायचं. झाकण आणि काच एकसंध असण्यामागे हे कारण होतं. म्हणजे मला बदलायची होती ती नुसती काचेची चौकट नव्हती; एका माणसाने जिवंत बाहेर यायची पूर्ण योजना त्या बोटभर प्लास्टिकमध्ये होती. काकांनी चहा घेतला, पंखाखालून बोट फिरवलं, "हे फुगवटे पण काढ," म्हणाले आणि गेले.

झाकणाचं काम मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या रूपांतरात मजा आहे ती इथेच. पारदर्शक भाग कोरता येत नाही, पुट्टीने भरता येत नाही, चूक रंगाखाली दडवता येत नाही. तो नव्याने ओतावाच लागतो. त्यासाठी सुताराकडून शिवणीचा बोटाएवढा तुकडा आणला. शिवण हलकी, ब्लेडला सोसणारी, चिरफळ्या न पडणारी. किटमधलं झाकण मापाला समोर ठेवून तो तासायचा, पण प्रत्येक बाजूने केसभर लहान, कारण वर चढणाऱ्या प्लास्टिकलाही जाडी असते. मग लाकडाच्या शिरा बुजवायच्या. शिरा राहिल्या तर त्या काचेवर हुबेहूब उमटतात आणि वैमानिक लाकडी खिडकीतून बघतोय असं दिसतं. यावर उपाय म्हणजे फेविक्विकचा पातळ हात, वाळला की चारशे नंबरचा वॉटर पेपर, परत फेविक्विक, परत आठशे, शेवटी दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात बुडवून. बोटाला काच लागतेय असं वाटेपर्यंत हे चालतं. मग तो साचा एका काडीवर ठोकायचा.

आता प्लायवूडचा तुकडा घ्यायचा आणि त्याला साच्याच्या आकाराचं, पण किंचित मोठं भोक पाडायचं. त्यावर पेढ्यांच्या खोक्याचं पारदर्शक झाकण ड्रॉइंग पिनांनी ताणून बसवायचं. (पेढे कुठले हे महत्त्वाचं नाही, झाकण निरखून घ्यावं. काहींवर दुकानाचं नाव उठावाने छापलेलं असतं.) गॅसच्या ज्योतीपासून वीतभर उंचीवर ही चौकट फिरवत राहायची. प्लास्टिकला आधी सुरकुत्या पडतात, मग ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं, आणि एका क्षणी मधोमध खाली लोंबू लागतं. तो क्षण धरायचा. साचा भोकातून एका दमात खाली दाबायचा आणि हात न हलवता थंड होऊ द्यायचा. जास्त तापलं तर प्लास्टिक दुधाळ होतं. कमी तापलं तर कोपऱ्यांत चुण्या पडतात. दाबताना हात थरथरला तर नाकाड्या माणसाचा मुखवटा तयार होतो. पेढ्यांची खोकी या काळात घरात आपुलकीने जपली गेली, आणि आईला वाटलं की कुणाचं तरी लग्न ठरतंय.

कापून तयार झालेलं झाकण चिकटवायला मात्र फेविक्विक चालत नाही. त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी साय धरते आणि ती काही केल्या पुसली जात नाही. इथे साधा फेव्हिकॉल लागतो, काडीच्या टोकाने. तो वाळला की दिसत नाही.

बाकीची कामं त्या मानाने भराभर झाली. पंखांच्या पोटाखालचे फुगवटे, फुंकणाऱ्या फ्लॅपची यंत्रणा झाकणारे, कानसून सपाट केले. फ्लॅपच्या नव्या रेघा विजेच्या टेपची कड धरून करकटकाने ओढल्या. जोर लावायचा नाही, फक्त टोकाचं वजन पडू द्यायचं. नवी खुर्ची मुदत संपलेल्या एटीएम कार्डातून कापली, पट्टे चॉकलेटच्या चांदीचे. नाकावरची सुई प्लास्टिकची होती ती फेकून दिली आणि इंजेक्शनची सुई बसवली. तीही आता वाकडी आहे. ओल्या फडक्याने धूळ पुसणाऱ्यांचं या घरात राज्य आहे.

त्या फुगवट्यांबद्दल थोडं. मी ते दहा मिनिटांत कानसले. खऱ्या विमानात त्यांच्या आतली यंत्रणाच नव्हती, म्हणून सत्त्याहत्तर धावपट्टीला टेकायचा तो ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि उतरताना वैमानिकाला लांबुडक्या नाकापलीकडची धावपट्टी धड दिसायची नाही. अनुभवी माणसाला हे जमायचं. पण पुढे हेच विमान तेजपूरला नव्या वैमानिकांना शिकवायला वापरलं जाऊ लागलं. संथ किरण विमानावरून पोरं थेट मिगवर चढत, कारण मधल्या पायरीचं प्रशिक्षण विमान, हॉक, हवाई दलात यायला २००८ साल उजाडलं. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२मध्ये संसदेत आकडा दिला: सगळ्या प्रकारचे मिग धरून ८७२पैकी ४८२ अपघातांत गेले आणि १७१ वैमानिक दगावले. 'उडती शवपेटी' हे नाव वर्तमानपत्रांनी त्याला दिलं ते अशा अपघातांवरून. काकांसमोर तो शब्द काढायची सोय नाही. "विमान काय करील? त्याला पन्नास वर्षं कोण उडवत बसलं?" असं ते विचारतात, आणि मला यावर उत्तर नाही. फक्त एवढं दिसतं की ज्या गोष्टी कापल्यामुळे विमान स्वस्तात मिळालं, त्यांचा हिशेब कधीतरी मागितला गेलाच.

बंदुकीचं प्रकरण याहून सुरस आहे. ज्या काळात सत्त्याहत्तर घडला तो क्षेपणास्त्रांवर भाळलेला काळ होता. आता समोरासमोर झटापट होणारच नाही, लांबूनच काम होईल, मग बंदुकीचं वजन कशाला, असा सगळ्या जगाचा समज होता. मिगच्या पंखाखालचं के-१३ हे क्षेपणास्त्रही असं जगावेगळं. १९५८मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एक अमेरिकन साइडवाइंडर चिनी मिग-१७ला लागलं, फुटलं नाही, अंगात रुतून परत आलं. चीनने ते सोव्हिएत संघाला दिलं आणि त्यांनी त्याची नक्कल केली. नक्कल बरी होती, पण भरवशाची नव्हती. मग सत्त्याहत्तरच्या पोटाखाली जीपी-९ नावाचा बंदुकीचा डबा अडकवायची सोय झाली. त्यात २३ मिलिमीटरची दुनळी बंदूक आणि दोनशे गोळ्या. पण पोटाखाली अडकवण एकच. तिथे बंदूक लावली की इंधनाची जादा टाकी लावता येत नाही. बंदूक हवी की लांब जायचं, हे उड्डाणाआधीच ठरवायचं.

१२ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, कच्छच्या आखातावर हाच डबा कामाला आला. जामनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटरचा ४७व्या स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी समुद्रावर पाठलाग केला आणि बंदुकीने ते पाडलं. त्या काळात स्टारफायटर म्हणजे अमेरिकेची शान. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, दुसऱ्या टोकाला ढाक्यात २८व्या स्क्वाड्रनच्या मिगनी ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांनी गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांची आत बैठक चालू होती. त्यांनी त्यानंतर लगेच राजीनामा लिहिला. निर्यातीच्या मालाने एका पंधरवड्यात एवढं काम केलं.

म्हणून आमच्या सत्त्याहत्तरच्या पोटाखाली टाकी नाही, बंदुकीचा डबा आहे. तो स्प्रूच्या जाड काडीतून घासून केला, आणि त्याच्या दोन नळ्या इंजेक्शनच्या बारीक सुयांच्या, टोकं कापून. पंखांखाली सोळा-सोळा रॉकेटांचे पिंप. ते मात्र खोक्यातलेच. सगळंच हाताने करायला मी काही विश्वकर्मा नव्हे.

रंगाची गोष्ट कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लॅकर रंगातलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेतला ओलावा ताज्या रंगावर बसून तो पांढुरका करतो. मारुती मंदिराच्या बाजूला गाड्या रंगवणारा एक उस्ताद आहे. त्याने स्पष्ट सांगितलं, "जूनमध्ये डबा उघडलात तर मला सांगू नका. नवरात्र होऊ दे." नवरात्र झालं की पाऊस थांबतो आणि जांभ्याची तांबडी धूळ सुरू होते. सत्त्याहत्तर मुळात नुसत्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा. त्या रंगाखाली आधी आरशासारखा काळा हात द्यावा लागतो, आणि त्यावर एक कण बसला तरी तो डोंगर दिसतो. तेव्हा पाऊस संपल्यावर आणि धूळ चढायच्या आधी, दुपारच्या कोरड्या वेळी, खिडक्या लावून, वीज आहे तोवर, असा मुहूर्त काढावा लागतो. लग्नाचे मुहूर्त यापेक्षा जास्त निघतात.

आणि एवढं करून त्या सुंदर चंदेरी अंगावर ब्रशने हिरवा रंग फासायचा! कारण १९७१मध्ये तसंच केलं गेलं. चकाकणारी विमानं मैदानावर लांबून दिसत, म्हणून स्क्वाड्रननी जवळ मिळेल त्या रंगाने आपापली विमानं झाकली. कुणी पट्टे ओढले, कुणी ढग काढले, कुणी अख्खं विमान हिरवं केलं. कारखान्याचा नमुना नव्हता, ठरलेली छटा नव्हती. बहात्तराव्या भागात ब्रशचा तो फटकारा दाखवायचा तर ब्रशला दोन-तीनच केस ठेवावे लागतात. काकांनी हे काम झाल्यावर बारकाईने पाहिलं आणि नाराजीने मान हलवली. "फिनिशिंग फारच चांगलं झालंय रे. इतकं नव्हतं." मग त्यांनी दुरुस्तीला परत आलेल्या विमानांवरचे थर कसे होते, कुठे रंग रिव्हेटवरून सोलला जायचा, कुठे खालचं अ‍ॅल्युमिनियम डोकावायचं, ते सांगितलं. त्याप्रमाणे पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं पाय देत, तिथे मी रंग पुसून काढला. सत्त्याहत्तरच्या अंगावरचा सगळ्यात खरा भाग मला तोच वाटतो.

येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहतात. पहिला प्रश्न, रिमोटवर उडतं का? दुसरा, केवढ्याला पडलं? तिसरा विचारायच्या आधी लोक चहाकडे वळतात. शाळकरी मुलं मात्र चिकट. तटरक्षक दलाचं विमान घरावरून गेलं की ती अंगणात पळतात, परत येऊन सत्त्याहत्तरच्या तोंडात बोट घालतात आणि विचारतात की पंखा कुठे आहे. आत इंजिन आहे, पंखा दिसत नाही, शंकू पुढे-मागे सरकतो, असं सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मी सांगत राहतो. एकाने एकदा विचारलं, हा रशियन आहे की इंडियन? मी म्हणालो, नाशिकचा. त्याला ते लगेच पटलं, कारण त्याची मावशी नाशिकची.

आता भारतीय हवाई दलात या खानदानातलं कुणी उडत नाही. एफएल ११ डिसेंबर २०१३ रोजी कलाईकुंडाला निवृत्त झाला. शेवटचे बायसन २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला उतरले, जिथे १९६३मध्ये सुरुवात झाली होती. चौकाचौकांत आणि कॉलेजांच्या फाटकांत उभे केलेले मिग आहेत, पण त्यांच्यावर नंतरच्या हौशी रंगाचे थर चढलेत. त्यांवरून १९७१चा हिरवा कळत नाही. छापील फोटो बहुतेक काळे-पांढरे. माझ्या मॉडेलवरची हिरवी छटा काकांच्या आठवणीवर आणि माझ्या अंदाजावर उभी आहे.

म्हणून एक विनंती. कोकणातून, देशावरून, खानदेशातून पुष्कळ माणसं हवाई दलात आणि ओझरच्या कारखान्यात गेली. त्यांच्या ट्रंकांत, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पानांत, विमानासमोर कंबरेवर हात ठेवून काढलेले रंगीत फोटो असतात. घरात तसा फोटो असेल तर तो मोबाइलने टिपून समाधान मानू नका; नीट स्कॅन करा, आणि मागे पेन्सिलीने साल, ठिकाण आणि शेपटीवरचा नंबर लिहा. फोटोतला माणूस हयात असेल तर त्याला आजच विचारा की तो हिरवा रंग कुठून आणला होता आणि ब्रश कुणाच्या हातात होता.